हे चित्र लागू नाही

"ती ओळ काढून टाका, ओगले मॅडम," बेहेरे सर म्हणाले. "दोन वाजता समिती येतेय, आणि तुमचा संगणक त्यांच्यासमोर म्हणणार, 'हे चित्र लागू नाही'?"

श्रावणातला गुरुवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. तंत्रनिकेतनाच्या रसायन विभागात तेव्हा एकच संगणक होता. खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, असा सरांचा नियम होता. माझी त्याला हरकत नव्हती, देवघरात मी तेच करत असे. सर विभागप्रमुख. माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते स्क्रीनवरची लाल अक्षरं वाचत होते.

"सर, ती जोडी खरंच चालत नाही," मी म्हटलं. "टोल्युइन आणि पाणी एकमेकांत मिसळतच..."

"काय? जरा मोठ्यानं बोला हो."

मी पुन्हा सांगितलं. यादीत चौदा द्रव होते. त्यातले कोणतेही दोन निवडले की त्यांच्या मिश्रणाचं चित्र उमटायचं. पण सगळ्या जोड्यांना एकच सूत्र लागत नाही. काही द्रव एकमेकांत विरघळतात, काही तेल आणि पाण्यासारखे वेगळे राहतात. वेगळे राहणाऱ्यांच्या वेळी सूत्र मुकाट्यानं चुकतं. म्हणून मी त्या जोड्यांपुढे चित्राऐवजी ती ओळ घातली होती.

"ते ठीक आहे. पण समितीतल्या कुणी नेमकी तीच जोडी दाबली तर? आपण नव्या संगणकांच्या अर्जात लिहिलंय, कोणतीही दोन निवडा, चित्र येईल. आता चित्र आलं पाहिजे. उद्या घाला की तुमची ओळ परत, कोण नको म्हणतंय!"

मी काही बोलले नाही. माझ्या न बोलण्याचा अर्थ होकार असतो हे सरांना सात वर्षांत ठाऊक झालं होतं. ते गेले. मी ती ओळ काढली आणि करून पाहिलं. टोल्युइन, पाणी. स्क्रीनवर एक सुबक चित्र उमटलं. एकशे दहा अंशांपासून शंभरापर्यंत सावकाश उतरत आलेलं, इतर सगळ्या चित्रांसारखंच.

हा कार्यक्रम मी दोन वर्षं खपून लिहिला होता आणि त्याला कारण माझा आवाज. वर्गात माझा आवाज चौथ्या बाकापुढे जात नसे. मिश्रणांच्या उकळण्याचा धडा तर असा, की फळ्यावर काढला तरी सपाट. तापमान एका बाजूला, दाब दुसऱ्या बाजूला, कोणता द्रव किती हे तिसऱ्या बाजूला. तीन दिशांचं चित्र खडूनं कसं काढायचं? संगणकावर मात्र ती एक पेटी होती आणि बाणाची कळ दाबली की पेटी फिरायची. खाली हिरवा पडदा, तिथपर्यंत सगळं द्रव. वर पिवळा पडदा, त्याच्यापुढे सगळी वाफ. दोघांच्या मधे पानासारखी निमुळती फट, तिच्यात द्रव आणि वाफ एकत्र नांदतात. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पोरं खुर्च्यांवर चढली. "मॅडम, फिरवा ना परत!" आणि शेवटच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "आज पहिल्यांदा तुमचा तास ऐकू आला, मॅडम."

सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी घरी जाऊन देवापुढे तुपाचं निरांजन लावलं.

सव्वाअकराला एकनाथ आला. एकनाथ शिगवण, माझा जुना विद्यार्थी. पदविका घेऊन तीन वर्षं झाली होती. हमरस्त्यापलीकडच्या वसाहतीत एका कारखान्यात तो पाळीचा सुपरवायझर होता. सुट्टीच्या दिवशी येऊन तो मला आकडे भरून द्यायचा. चौदा द्रवांचे वाफेच्या दाबाचे तक्ते, शेकडो आकडे, सगळे त्यानं भरले होते. त्याची बोटं माझ्यापेक्षा वेगानं चालत. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. येताना तो कागदाच्या पुडीत तगरीची फुलं आणायचा, "सुगंधानं दिलीत तुमच्या देवाला" म्हणून. सुगंधा म्हणजे त्याची बायको. मी तिला पाहिलं नव्हतं, फुलांनीच ओळखत होते.

"आज समिती ना? म्हणून मुद्दाम आलो," तो म्हणाला. "दुसरी पाळी आहे, सव्वाला कंपनीची बस. तोवर काही काम सांगा."

"काम काही नाही रे. सगळं झालंय."

"मग एक मागू? सगळा कार्यक्रम फ्लॉपीवर घेऊ? आमच्या कारखान्यात आता संगणक आलाय. साहेब त्याच्यावर पगारपत्रकं काढतात, दुसरं काही नाही."

"घे की. अर्धा तुझाच आहे."

मी हे म्हटलं तेव्हा ओळ काढलेली आहे हे मला आठवलं होतं का? तीस वर्षं मी स्वतःला विचारते आहे. आठवलं नव्हतं, असं मला वाटतं.

बारा वाजले तशी मी उठले. शेजारच्या शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातलं टेबल माझं होतं. चातुर्मासात मी एकदाच जेवत असे, केळीच्या पानावर आणि मौनात. आईनं सोळाव्या वर्षी घालून दिलेला नेम. पानावर बसलं की बोलायचं नाही. हवं म्हणायचं नाही, पुरे म्हणायचं नाही, मान हलवायची नाही, हातानं खूण करायची नाही. वाढणारा वाढेल ते संपवायचं. तोंडातून शब्द गेलाच तर त्या क्षणी पानावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणीसुद्धा नाही. कॉलेजात वाढायला कोण असणार? मी घरून आणलेला डबा पानावर उलटा करून घेत असे.

चार घास झाले असतील. बेहेरे सर आत आले आणि त्यांच्याबरोबर सफारी घातलेले एक उंच गृहस्थ. समितीतले एक साहेब गाडी लवकर मिळाली म्हणून आधीच पोचले होते. सर गडबडून चहा मागवत होते.

"या ओगले मॅडम. हा सगळा प्रकल्प यांचाच," सर म्हणाले. "पण आता त्या बोलायच्या नाहीत. मौन आहे जेवताना. चार महिने!"

"वा!" साहेब म्हणाले. "संगणकही आणि हेही. अजून अशी माणसं आहेत म्हणायची."

मी पानाकडे बघत होते. मला ते ऐकून बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

तेवढ्यात एकनाथ दारात आला. हातात फ्लॉपी होती आणि एक कागद. ठिपक्याठिपक्यांच्या छपाईयंत्रावर त्यानं एक चित्र छापून आणलं होतं.

"मॅडम, एक विचारायचं होतं..." मग त्याला पान दिसलं. "अरे, जेवताय होय. सॉरी."

"विचार, विचार," बेहेरे सर हसले. "उत्तर मात्र मिळायचं नाही. साक्षात इंद्र आला तरी बाई बोलायच्या नाहीत."

एकनाथही हसला. घड्याळ बघितलं. "बस आहे हो सर, नाहीतर थांबलो असतो. मॅडम, तुम्ही जेवा, मी नुसतं सांगून ठेवतो. आमच्याकडे एक भांडण लागलंय. मोठ्या टाकीत टोल्युइन असतं, त्यात गरम पाणी घालून धुतात. मिक्सर चालू असतो तोवर काही नाही. पण हल्ली वीज जाते. वीज गेली की मिक्सर बंद आणि दोन्ही वेगळे होतात. खाली पाणी, वर टोल्युइन, आणि टाकीभोवतीची वाफ चालूच, म्हणून पंच्याहत्तरवरून तापत नव्वद-ब्याण्णव अंशांवर जातात. वीज आली की खोतमामा मिक्सर लावू देत नाहीत. जुने ऑपरेटर आहेत. म्हणतात, ऐंशीच्या खाली येऊ दे, मग लाव. तीन-तीन तास नुसते बसून राहतो आम्ही. का म्हणून विचारलं तर म्हणतात, माझ्या आधीच्यानं सांगितलंय. मॅनेजर मला झापतो."

माझा हात पानावर थांबला.

"आज म्हटलं, आपल्याकडेच बघू. टोल्युइन घेतलं, पाणी घेतलं. हे बघा." त्यानं कागद माझ्या पानाच्या पलीकडे, मला दिसेल असा धरला. "पाणी शंभरला, टोल्युइन एकशे दहाला, आणि मधलं सगळं त्यांच्या मधे. नव्वदला काहीच उकळत नाही. मग मिक्सर लावायला काय हरकत? खोतमामा बरोबर की चित्र बरोबर?"

खोतमामा बरोबर होते. न मिसळणारे दोन द्रव एकत्र ढवळले की दोघांची वाफ मिळून जोर करते आणि दोघंही पंच्याऐंशीच्या आसपास उकळू लागतात. वेगळे थर शांत पडून असतात तोवर काही कळत नाही. नव्वद अंशांवर मिक्सर लावला, की सगळी टाकी एका दमात उकळून वर येणार. हे मला माझ्या नावासारखं पाठ होतं. सगळं वाक्य जिभेवर होतं.

"चित्र काय म्हणतं?" साहेबांनी कौतुकानं विचारलं.

"शंभरच्या खाली काही नाही, असं म्हणतं साहेब."

"मग झालं तर!" बेहेरे सर म्हणाले. साहेबांकडे वळले. "बघा, आमचे माजी विद्यार्थी थेट कारखान्यात वापरतात. आम्ही अर्जात हेच लिहिलंय."

बेहेरे सर शिकले होते यंत्रं, रसायनाचे प्रमुख झाले होते ज्येष्ठतेनं. मिश्रणांचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. सकाळी मी सांगितलेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं, त्यांना फक्त लाल अक्षरं दिसली होती.

एकनाथ माझ्याकडे बघत उभा होता. मी भाताकडे बघत होते. भातावर वरण होतं आणि ते पानाच्या शिरेवरून हळूहळू कडेला चाललं होतं. मी ते बोटानं अडवलं.

"बरं, येतो मॅडम," तो म्हणाला. "तुमचं मौन मोडायला नको. चित्र आहेच माझ्याजवळ. फुलं संगणकापाशी ठेवलीत."

त्याची पावलं जिन्यावरून गेली. मी पान संपवलं.

दोन वाजता समिती बसली. साहेबांनी स्वतः बाणाची कळ दाबून पेटी फिरवली, लहान मुलासारखी. कुणीही टोल्युइन आणि पाणी ही जोडी निवडली नाही. आम्हाला आणखी चार संगणक मंजूर झाले. फोन बेहेरे सरांच्या टेबलावर होता आणि त्या टेबलाभोवती पाच वाजेपर्यंत समिती. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. एकदा सरांनी वर बघून "काय?" असं विचारलं. मी "काही नाही" म्हटलं.

शुक्रवारी सकाळी पहिल्यांदा मी ती ओळ जागेवर घातली. मग एक पोस्टकार्ड लिहिलं. 'चि. एकनाथ, अ. उ. आ. टोल्युइन आणि पाण्याचे चित्र चूक आहे. दोन्ही मिळून पंच्याऐंशीच्या सुमारास उकळतात. खोतमामा बरोबर आहेत. ऐंशीच्या खाली आल्याशिवाय मिक्सर लावू नकोस. भेटलास की समजावीन.' त्याच्या गावाचा पत्ता घातला, शिरवलीचा. कारखान्याला फोन करायचं मनात आलं, पण सर फोनपाशी बसलेले होते आणि चूक काय हे त्यांच्यासमोर बोलावं लागलं असतं. कार्ड उद्या पोचेल, असं मी धरलं. पेटीत टाकताना देवाचं नावही घेतलं.

शनिवारी दुपारी पावणेचारला कारखान्यात वीज आली.

सोमवारी बेहेरे सरांनी मला खोलीत बोलावलं. "तुमचा तो शिगवण," ते म्हणाले. "टाकी उसळली. झाकणापाशीच उभा होता. काल सकाळी गेला, सरकारी दवाखान्यात. फार भाजला होता म्हणतात."

मी खुर्चीत बसले. सरांनी आपल्या हातानं पाणी दिलं. ते वाईट मनुष्य नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं. ओळ, जोडी, पंच्याऐंशी, कार्ड. या वेळी मला दोनदा सांगावं लागलं नाही. सर इतके लक्ष देऊन ऐकत होते.

"मी 'मग झालं तर' म्हटलं होतं," शेवटी ते म्हणाले. चेहरा उतरला होता. त्यांनी टेबलावरच्या फायली सरळ केल्या. "हे बघा, ते चित्र शिकवण्यासाठी होतं, कारखाना चालवण्यासाठी नव्हतं. कारखान्याला त्यांचे नियम आहेत. आपल्याला कुणी विचारणार नाही. तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला काय, न बोलायची सवयच आहे."

कुणी विचारलं नाही. आठवडाभरात वसाहतीतून बातमी आली, की चौकशीत कंपनीनं लिहून दिलंय: सुपरवायझर शिगवण यानं स्वतःच्या मनानं, कुणालाही न विचारता मिक्सर सुरू केला.

तेराव्याला मी शिरवलीला गेले.

एसटीनं फाट्यावर उतरून अर्धा तास चालायचं होतं. शेतांत भात पोटरीला आलं होतं. घर कौलारू, शेणानं सारवलेलं खळं, पुढे तगर. फुलांनी झाड पांढरं झालेलं, कुणी तोडलीच नव्हती. माणसं जेवून पांगत होती. ओटीवर एक म्हातारा बसला होता, डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"कोन हो बाय तुमी?"

"मी एकनाथला शिकवायला होते. ओगले."

म्हातारा उठून उभा राहिला. "चित्रवाल्या मॅडम?" त्यानं मला खालीवर पाहिलं. "मी खोत. मी त्याला बोल्लो, थांब. मॅनेजर वरून वरडत होता. मी बोल्लो, वरडू दे, ऐंशीला येव दे. तो बोल्ला, मामा, मॅडमचं चित्र हाय, शंभरच्या आत कायच होत नाय. कागद काडून दाकवला मला. मला काय वाचता येतं? मला बाजूला सारलंन आनि सोता बटन दाबलंन. झाकनातून आत बघायला वाकला, नीट फिरतो का म्हनून." त्यानं पट्टीचा हात जवळ घेतला. "फिरला. नीट फिरला."

"तुम्ही हे चौकशीत सांगितलंत?"

"सायेब बोल्ले, चित्रबित्र काय काडू नको, तुजी नोकरी दोन वर्सं हाय."

आतून एक मुलगी बाहेर आली. पांढऱ्या कपाळाची, वीस-एकवीस वर्षांची. ही सुगंधा, हे मला सांगावं लागलं नाही.

"तुम्ही मॅडम ना? आत या. जेवून जा."

मी म्हणणार होते, की चातुर्मासात मी बाहेरचं अन्न घेत नाही. म्हटलं नाही. माजघरात तिनं पाट मांडला, केळीचं पान टाकलं. काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, वडे, भात, खीर. दुपारचा एक वाजला होता, माझी जेवायची वेळ. मी पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले. आता मौन सुरू झालं.

ती समोर भिंतीला टेकून बसली.

"ते म्हणायचे, मॅडम जेवताना बोलत नाहीत," ती म्हणाली. "गुरुवारी पाळीवरून आले तेव्हा हसत होते. मॅडमना विचारलं म्हणाले, पण त्यांचं मौन होतं. म्हटलं, मग उत्तर कोण देणार? तर म्हणाले, त्यांनी चित्रात दिलंय."

मी भात कालवत होते.

"आता हे लिहितात, कुणाला न विचारता केलं. मॅडम, ते कुणाला विचारल्याशिवाय काही करत नव्हते. चहात साखर किती घालू, तेसुद्धा विचारायचे." तिनं कमरेचा बटवा उघडला. त्यातून घडी न केलेलं एक कार्ड काढलं, कडा ओलसर झालेल्या. "हे सोमवारी आलं. घरात सगळी रडत होती, पोस्टमन दारात घुटमळत होता. मी सातवी शिकलेय, मला वाचता येतं. मी कुणाला दाखवलं नाही. आधी तुम्हाला विचारीन म्हटलं."

तिनं कार्ड माझ्या पानापलीकडे धरलं, मला दिसेल असं.

"तुम्हाला माहीत होतं. हे त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

बाहेर खोतमामा खोकले. कुणीतरी भांडी घासत होतं. माझ्या हातात घास होता. तो मी पानावर परत ठेवला.

"त्यानं विचारलं तेव्हा मी जेवत होते," मी म्हटलं.

सुगंधाला ऐकू गेलं नसावं. ती पुढे झुकली.

"मी जेवत होते," मी मोठ्यानं म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की बाहेरची भांडी थांबली. "मला उत्तर येत होतं. बोलले असते तर पानावरून उठावं लागलं असतं, एक दिवसाचा उपास पडला असता. एवढंच."

तिनं कार्ड मांडीवर ठेवलं.

"आणि तेवढंही नाही," मी म्हटलं. "खोलीत मोठे साहेब बसले होते. माझं चित्र बघायला आले होते. चित्र चुकीचं आहे हे त्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं. मौन नसतं तरी मी बोलले नसते. मौन होतं ते बरं झालं, असं वाटलं होतं मला."

हे मी तोवर देवापुढेसुद्धा म्हटलेलं नव्हतं.

सुगंधा कार्डाकडे बघत होती. "हे मी इन्स्पेक्टरला दिलं तर?"

"द्या. खाली माझं नाव आहे. विचारतील तिथे येऊन मी सांगेन."

"तुमची नोकरी?"

"द्या तुम्ही."

ती पुढे काय करणार ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे तिनं कार्ड इन्स्पेक्टरला दिलं. मला बोलावणं आलं, मी सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं दोनदा विचारलं, "पण बाई, चित्र शिकवण्यासाठीच होतं ना?" मी हो म्हटलं. शेवटच्या अहवालात एकनाथच्या नावापुढे 'स्वतःच्या मनानं' तसंच राहिलं. कार्डाचा उल्लेख कुठे नव्हता. बेहेरे सर माझ्याशी निवृत्त होईपर्यंत सभ्यपणानं वागले. मी नोकरी पुरी केली. दरवर्षी पहिल्या तासाला मी तीच जोडी घेत असे, टोल्युइन आणि पाणी, आणि लाल ओळ पोरांकडून मोठ्यानं वाचून घेत असे. का, ते कधी सांगितलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मौन मोडलं होतं. मी पानाला नमस्कार केला आणि उठायला लागले.

"कुठे चाललात?" सुगंधा म्हणाली.

"मी बोलले. आता मला जेवता येत नाही."

"बसा."

"सुगंधा, माझा नेम..."

"बसा, मॅडम." तिचा आवाज माझ्याइतकाच हळू होता. "आमच्यात तेराव्याचं पान कुणी अर्ध्यावर टाकत नाही. त्यांच्या नावाचं आहे."

मी बसले. तिनं पातेलं जवळ ओढलं, भात वाढला, त्यावर आमटी घातली. मी जेवू लागले. पान रिकामं झालं तशी तिनं पुन्हा भात वाढला. तिनं विचारलं नाही, मी बोलले नाही. तिसऱ्यांदा वाढला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हता.

मी हात आडवा धरला नाही. ती वाढत गेली आणि मी पातेलं संपेपर्यंत जेवले.